झिंगलेल्याची बाजू

महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू पिणे हा गुन्हा आहे. १९४९ साली मुंबई प्रांतासाठी झालेला दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने लागू आहे. परवान्याशिवाय दारू बनवणे, विकणे, बाळगणे, नेणे किंवा पिणे, यातल्या प्रत्येक गोष्टीला त्यात शिक्षा आहे. याच कायद्याच्या आधाराने सरकार देशी दारूची दुकाने, वाईन शॉप, बिअर बार आणि परमिट रूम यांना परवाने देते आणि तिजोरी भरते. पिणाऱ्यालाही परवाना लागतो. विदेशी दारूसाठी एका दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात आणि आजन्म हजारात, असे त्याचे दर वर्षानुवर्षे चालत आले आहेत. देशीचा एका दिवसाचा परवाना तर दोन रुपयांचा. कराडच्या किंवा मिरजेच्या कुठल्याही परमिट रूममध्ये संध्याकाळी जाऊन बसा आणि किती टेबलांवर हा कागद निघतो ते बघा. पाटी परमिट रूमची असते, परमिट मात्र कुणी मागत नाही.

म्हणजे कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवले तर राज्यातले बहुतेक पिणारे रोज गुन्हेगार ठरतात. सगळ्यांना पकडणे शक्य नाही आणि तशी कुणाची इच्छाही नाही. मग त्यातल्या कोणावर केस व्हायची, हे कायद्याच्या हाती राहत नाही. ते रात्रपाळीच्या हवालदाराच्या हाती जाते. बंद काचेच्या गाडीतून घरी जाणारा सापडत नाही. सातारच्या एसटी स्टँडवर झोकांड्या खाणारा सापडतो, मिरज जंक्शनच्या बाहेर फुटपाथवर आडवा झालेला सापडतो, पगाराच्या दिवशी नवटाक मारून चौकात शिवीगाळ करणारा सापडतो. त्याचे वागणे वाईट असेल, त्याचा लोकांना त्रासही होत असेल. पण त्याच्यावर ठेवलेला आरोप सिद्ध झाला पाहिजे, आणि तो कसा सिद्ध होतो याकडे आपले अजिबात लक्ष नाही.

सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन आढळल्याच्या प्रत्येक खटल्यात काटेकोर पुरावा मागितला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. ही मागणी आरोपीच्या वकिलाने तर करावीच, पण दारूच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांनी ती त्याच्याही आधी करावी. हे उलटे वाटेल. झिंगलेल्याला वाचवून दारू कशी कमी होईल, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर याच भागाच्या इतिहासात आणि याच कायद्याच्या कलमांत आहे.

सातारा आणि सांगली हे दारूविरोधाचे जुने रान आहे. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने या पट्ट्यात गावोगाव जो कारभार चालवला, त्यात गावातले तंटे गावातच मिटवणे, कमी खर्चातली लग्ने आणि दारूबंदी हे कार्यक्रम होते. तेव्हा मुंबई सरकारची सरसकट दारूबंदी यायची होती. ती ६ एप्रिल १९५० ला मोरारजी देसाई गृहमंत्री असताना आली. त्याच्या वर्षभर आधी सांगली, मिरज, औंध यांसारखी संस्थाने विलीन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला होता. १९६० साली त्याचेच नाव सांगली पडले. म्हणजे आजचे हे दोन जिल्हे आणि हा कायदा बरोबरीनेच वाढले.

त्याच काळात आणखी एक गोष्ट वाढली. ऊस वाढला, सहकारी साखर कारखाने उभे राहिले. उसातून साखर काढली की मळी उरते, मळीतून मद्यार्क निघतो. कारखान्यांना आसवन्या जोडल्या गेल्या. ज्या कृष्णाकाठाने दारूच्या भट्ट्या बंद पाडल्या होत्या, त्याच कृष्णाकाठाच्या अर्थकारणात मद्यार्काला मानाचे स्थान मिळाले. साठ-सत्तरच्या दशकांत सरकारने परवान्यांचे नियम सैल केले. कायदा मात्र मागे घेतला नाही. गुजरातेने याच कायद्याचा आपला वाटा घेऊन दारूबंदी चालू ठेवली. महाराष्ट्राने वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे वगळता दारू खुली केली आणि बंदीची कलमे हाताशी ठेवली. आज साताऱ्यात पोलीस एखाद्याला तपासणीसाठी सिव्हिलमध्ये नेतात, तेव्हा त्या रुग्णालयावर नाना पाटलांचे नाव असते. सांगलीत नेतात तेव्हा वसंतदादा पाटलांचे असते. एकाने दारूबंदीचा कारभार केला, दुसऱ्याने साखरेचा सहकार उभा केला. या दोन वारशांच्या ओढाताणीत जो सापडतो, तो तपासणीच्या टेबलावर पडलेला असतो.

आता कलमांकडे येऊ. 'दारू पिऊन सापडला' असे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात चार-पाच वेगवेगळे गुन्हे दडलेले असतात आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळा. परवान्याशिवाय सेवन केल्याबद्दल दारूबंदी कायद्याचे कलम ६६ आहे. गुत्त्यात पिताना किंवा पिऊन सापडण्यासाठी कलम ८४ आहे. रस्त्यावर किंवा लोकांना ये-जा असलेल्या जागी स्वतःला सांभाळता येणार नाही इतका धुंद असणे, अमलाखाली बेशिस्त वागणे किंवा परवाना नसताना धुंद आढळणे यासाठी कलम ८५ आहे. २०२० च्या सुरुवातीला गृह विभागाने गडकिल्ल्यांवर पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांविरुद्ध परिपत्रक काढले, ते याच कलमाच्या आधारे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड अशी त्यात तंबी होती. अजिंक्यताऱ्याखाली राहणाऱ्यांना त्या परिपत्रकाचा आनंदच झाला असणार, आणि तो रास्त आहे.

याखेरीज जुन्या दंडसंहितेचे कलम ५१० होते. नशेत सार्वजनिक ठिकाणी येऊन कोणाला त्रास होईल असे वागले, तर चोवीस तासांपर्यंत साधी कैद किंवा दहा रुपये दंड. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५५ आले. दंड हजार रुपयांपर्यंत गेला आणि समाजसेवेची शिक्षा देण्याची नवी सोय झाली. हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे केवळ याच कलमासाठी वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. आणि गाडी चालवणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ आहे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क, तोही चाचणीत सिद्ध झालेला, ही त्याची अट. चाचणीच नसेल तर ते कलम उभेच राहत नाही.

म्हणून बचावाची पहिली पायरी अगदी साधी आहे. आपल्यावर नक्की कोणते कलम लावले आहे, ते आधी वाचावे. कलम ८५ असेल तर ती जागा सार्वजनिक होती का, आरोपी स्वतःला सांभाळू शकत नव्हता का, की बेशिस्त वागत होता, हे सरकार पक्षाने दाखवायचे आहे. ३५५ असेल तर त्रास नेमका कोणाला झाला, त्या माणसाचा जबाब कुठे आहे, हे विचारायचे आहे. 'मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत मिळून आला' हे छापील वाक्य या सगळ्या प्रश्नांवरून एकच ओला बोळा फिरवते. न्यायालयाने तो फिरवू देऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

ही अपेक्षा माझ्या मनची नाही. सर्वोच्च न्यायालयाने सत्तर वर्षांपूर्वी हे सांगून ठेवले आहे, आणि तेही याच कायद्याबद्दल. मुंबईत १९५१ साली प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी असलेल्या बेहराम पेसिकाका यांच्या जीपने माणसांना धडक दिली आणि त्यांच्या तोंडाला दारूचा वास आला. आपण मद्यार्कयुक्त टॉनिक घेतले होते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी बलसारा खटल्यात न्यायालयाने दारूबंदी कायदा बहुतांशी वैध ठरवला होता, पण औषधी आणि प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त पदार्थांना बंदीतून सोडवले होते. त्यामुळे १९५४ साली पेसिकाका प्रकरणात घटनापीठाने सांगितले की तोंडाला वास आला एवढ्याने भागत नाही. घेतलेला मद्यार्क बंदी असलेला होता, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे.

सरकारला हे जड गेले. म्हणून १९५९ साली कायदा दुरुस्त झाला. रक्तात मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्के, म्हणजे शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त आढळले, तर ते औषधातून आले हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला गेला. बदल्यात वैद्यकीय तपासणी आणि रक्तचाचणीची शिस्त आखून दिली गेली. त्याच वर्षीचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. सुई आणि पिचकारी उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची. टोचण्याची जागा निर्जंतुक पाण्याने पुसायची. रक्त काढताना कुठल्याही टप्प्यावर मद्यार्काचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. पाच मिलिलिटर रक्त योग्य रसायन घातलेल्या कुपीत भरायचे, कुपी सीलबंद करायची आणि सात दिवसांच्या आत तपासनीसाकडे पोहोचवायची. स्पिरिटचा बोळा फिरवून टोचलेल्या सुईतून आलेल्या रक्तात स्पिरिट निघाले, तर त्यावरून माणसाला तुरुंगात टाकू नये, ही त्या नियमांमागची साधी अक्कल होती.

पुढे धुळ्याच्या उखा कोल्हे प्रकरणात, १९६३ साली, हीच शिस्त सर्वोच्च न्यायालयापुढे आली. रक्त काढल्यापासून तपासनीसाच्या हाती पडेपर्यंत ती कुपी कोणाच्या ताब्यात होती, ती नीट ठेवली गेली का, याचा पुरावा समोर नाही, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. १९७१ साली बच्चूभाई करयाणी प्रकरणात तोंडाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या इतक्या साऱ्या खुणा असूनही रक्त किंवा लघवी तपासलेली नाही, म्हणून आरोपी धुंद होता हा निष्कर्ष न्यायालयाने मान्य केला नाही.

हे निकाल काढून घेणारी माणसे बघा. मुंबईचा परिवहन अधिकारी, गाडी चालवणारा, दिल्लीपर्यंत वकील नेऊ शकणारा. रस्त्यावरच्या धुंद माणसाचा कायदा त्यांनी घडवला, पण रस्त्यावरच्या माणसापर्यंत तो पोहोचलाच नाही. त्याची केस अशी चालते: रात्री उचलला, सिव्हिलमध्ये नेला, 'तोंडास दारूचा वास' अशी नोंद झाली, नेहमीचेच दोन पंच सह्या करून गेले, जामीन मिळाला. काही महिन्यांनी समन्स आले. कोर्टात नाव पुकारले गेले, गुन्हा कबूल आहे का, असे विचारले गेले. कबूल म्हटले की दंड, किंवा दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा. नाकबूल म्हटले की तारखा. मजुरीवर जगणाऱ्याला तीन-चार तारखांचा खाडा दंडापेक्षा महाग पडतो. म्हणून तो कबूल करतो. कबुली हा त्याच्या गुन्ह्याचा पुरावा राहत नाही, तो त्याच्या रोजगाराचा हिशोब असतो.

हा हिशोब पुढे फसतो. सातारा जिल्ह्यात आपशिंगे नावाचे गाव आहे, घरटी फौजी देणारे, आपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखले जाणारे. या दोन जिल्ह्यांतली हजारो मुले पहाटे रस्त्यावर धावतात ती लष्कर आणि पोलीस भरतीसाठी. अशा मुलाने मित्राच्या वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत एकदा गोंधळ घातला, 'किरकोळ आहे, कबूल करून टाक' या सल्ल्याने दंड भरला, तर चारित्र्य पडताळणीत ती दोषसिद्धी समोर येते. अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किरकोळ स्वरूपाच्या जुन्या प्रकरणाकडे नोकरी देणारा काणाडोळा करू शकतो, पण विचारलेली माहिती लपवली तर ते त्याच्या विरोधात जाऊ शकते. म्हणजे कबुलीचा डाग लागला असेल तर अर्जात लपवू नये. आणि मुळात कबुली देण्याआधी वकिलाशी बोलावे.

वकील परवडत नाही, हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. सातारा आणि सांगली दोन्हीकडे जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे प्राधिकरण बसते. त्या वकिलाने चार कागद मागितले तरी अर्धे काम होते: वैद्यकीय तपासणीचा नमुना, रक्तनमुन्याच्या कुपीचा प्रवास दाखवणाऱ्या नोंदी, रासायनिक तपासणीचा अहवाल आणि पंचांचे जबाब. डॉक्टरने फक्त वास लिहिला आहे की बोलणे, चाल, बाहुल्या, शुद्ध यांचीही नोंद आहे? रक्त घेतले का? किती वाजता? नमुना सात दिवसांत पोहोचला का? पंच दुसऱ्या किती केसमध्ये पंच आहेत? आरोपीकडे परवाना होता का आणि तो त्याने दाखवला होता का? गाडीची केस असेल तर श्वासयंत्राची छापील पट्टी कुठे आहे? रक्ततपासणीसाठी डॉक्टरांकडे न्यायचे होते तर अटकेपासून दोन तासांत नेले का?

काही गोष्टी मात्र करू नयेत. रक्त द्यायला अंगाने विरोध करू नये. कायदा पोलिसांना वाजवी बळ वापरू देतो आणि विरोधाने केस उलट जड होते. खोटे औषध पुढे करू नये. पन्नास मिलिग्रॅमच्या वर गेल्यावर तो भार आपल्यावर असतो आणि खोकल्याच्या बाटलीने तो पेलत नाही. आणि पोलिसाच्या अंगावर जाऊ नये. हजार रुपयांच्या दंडाची केस त्या एका धक्क्याने सरकारी कामात अडथळ्याची होते, आणि तिथे कुठल्याही कुपीचे सील उपयोगी पडत नाही. आरोप खरा असेल, पहिलाच असेल, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा विचार व्हावा अशी विनंती करता येते. तो लागू पडला तर दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता टळते.

इथवर वाचून जावळीची एखादी बाई चिडेल, आणि तिला तो हक्क आहे. तिचा नवरा रोज पिऊन येतो, पैसे काढून घेतो, मारतो. तिने फोन केला तर कोणी येत नाही. आणि इथे कोणी त्याच्यासाठी कुपीचे सील तपासत बसले आहे. हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण या विषयातला सगळ्यात जड आक्षेप हाच आहे.

पण तिचे दुःख कलम ८५ च्या कक्षेत येते का, हे पाहा. ते कलम रस्त्यासाठी आहे. उंबऱ्याच्या आत जे घडते, तिथे ते जात नाही. तिथे कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे, मारहाणीची कलमे आहेत, आणि त्यांत दाद मिळते ती मारल्याबद्दल. नवरा किती प्याला होता हे सिद्ध करायची तिला गरज नाही. चौकातल्या गोंगाटावर केस करणे सोपे असते, घरातल्या मारावर करणे कष्टाचे. सोप्या केसची आकडेवारी वर्षाच्या शेवटी 'दारूबंदीखाली कारवाया' म्हणून मिरवता येते. काटेकोर पुरावा मागितला की ही सोपी वाट थोडी अवघड होते, आणि तेवढे बळ तरी दुसरीकडे वळण्याची शक्यता निर्माण होते.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. परवाना नसताना प्यायल्याबद्दल एखाद्यावर केस होते, तेव्हा त्याला ती दारू कोणी दिली? परमिट रूमने फक्त परवानाधारकालाच दारू द्यायची आहे. देशीच्या दुकानालाही परवान्याची अट चुकत नाही. आणि हातभट्टीची असेल तर विकणारा सरळ कलम ६५ मध्ये बसतो. म्हणजे परवान्याशिवाय पिणाऱ्याच्या प्रत्येक केसच्या पोटात विकणाऱ्याचीही एक केस असते. पण कागद बघा. तपास त्या माणसाच्या तोंडाच्या वासाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. कुठे प्याला, कोणी विकली, पैसे कोणाला दिले, हे प्रश्न तपासात येत नाहीत. पुरावा काटेकोर हवा असे न्यायालय म्हणेल, तर हे प्रश्न यावे लागतील. पिणाऱ्याला वाऱ्यावर सोडा असे माझे म्हणणे नाही. पिणाऱ्यापासून सुरू झालेला तपास दुकानाच्या काउंटरपर्यंत जावा, असे आहे.

या भागातल्या बायकांना हे कधीच कळले आहे. जावळी तालुक्यात विलासबाबा जवळ आणि व्यसनमुक्त युवक संघाच्या कार्यकर्त्यांनी जी चळवळ चालवली, तिचा रोख दुकानांवर होता. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. २००८ च्या आदेशाने गावातल्या किंवा प्रभागातल्या महिला मतदारांना, किंवा एकूण मतदारांना, मतदानाने दुकान बंद करण्याचा अधिकार दिला. त्याची अट किती कडक आहे ते पाहा. आधी पंचवीस टक्क्यांच्या सह्या, त्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान, आणि त्यात मतदान करणाऱ्यांच्या नव्हे तर यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला. परगावी गेलेली, नांदायला गेलेली, यादीत नाव राहून गेलेली मृत बाई, या सगळ्या हिशोबात विरोधी मत ठरतात. आमदार निवडायला इतके लागत नाही.

एक दुकान बंद करायला राज्य बायकांकडून इतका जड पुरावा मागते. त्या दुकानातून पिऊन बाहेर पडलेल्या माणसाला शिक्षा करायला तेच राज्य एक वास आणि दोन सह्या पुरेशा मानते. विकणाऱ्याला संरक्षण, पिणाऱ्याला शिक्षा, आणि मार खाणारीला रांग, अशी ही मांडणी आहे. दारूविरोधी चळवळीने यातल्या मधल्या पायरीवर समाधान मानले, तर पहिली आणि तिसरी तशीच राहतील.

काटेकोर पुरावा मागण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते जिवाशी गाठ असलेले आहे. जो झिंगलेला दिसतो तो नेहमी झिंगलेला नसतो. मधुमेह्याची साखर एकदम उतरली की तो बरळतो, घामाघूम होतो, तोल जातो. फिट येऊन गेलेला माणूस बराच वेळ भ्रमात असतो. डोक्याला मार लागलेला किंवा पक्षाघाताचा झटका आलेला माणूस अडखळत बोलतो. त्याने थोडी घेतलीही असेल, पण मरण दारूने येत नाही, डोक्यातल्या रक्तस्रावाने येते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २०१७ साली टान्या डे या आदिवासी बाईला रेल्वेत झोपलेली असताना नशेत असल्याच्या आरोपावरून पोलीस कोठडीत ठेवले. कोठडीत ती पडली, डोक्याला मार लागला, वेळेवर लक्ष गेले नाही आणि ती दगावली. तिच्या कुटुंबाने लढा दिला. आदिवासींच्या कोठडीतल्या मृत्यूंवर नेमलेल्या शाही आयोगाने १९९१ सालीच हा गुन्हा रद्द करा असे सांगितले होते. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हिक्टोरियाने सार्वजनिक नशा हा गुन्हाच काढून टाकला आणि ती बाब आरोग्याकडे सोपवली.

आपल्याकडे तसे लगेच करावे असे मी म्हणणार नाही. कास पठारावर बाटल्या फोडणाऱ्यांना किंवा महामार्गावर आडव्या ट्रॅक्टरचालकाला कायद्याने हात लावायलाच हवा. बिहारनेही २०१६ ला कडक बंदी आणली आणि २०२२ मध्ये पहिल्यांदा पिऊन सापडलेल्याला दोन ते पाच हजारांच्या दंडावर सोडण्याची दुरुस्ती केली, कारण न्यायालये त्या केसेसखाली दबून गेली होती. यातून आपण एवढे घ्यावे की धुंद माणूस समोर आला की पहिला प्रश्न डॉक्टरचा असावा, हवालदाराचा दुसरा. साखर तपासली का, डोके तपासले का, हे सिव्हिलच्या कागदावर वास लिहिण्याआधी यावे. काटेकोर पुराव्याचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे. जो डॉक्टर वासापलीकडे बघतो, तो आजारही बघतो.

शिक्षा झालीच तर तिचे काय करायचे, हाही प्रश्न आहे. दंड भरून माणूस संध्याकाळी त्याच दुकानात जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. नव्या संहितेने समाजसेवेची शिक्षा दिली आहे. या दोन जिल्ह्यांतल्या न्यायालयांनी ती वापरावी. ज्याने गडावर धिंगाणा घातला त्याने गडाची पायवाट साफ करावी. ज्याला व्यसन आहे त्याला उपचाराकडे न्यावे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकारातून उभे राहिलेले परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे. अनिता अवचटांनी पुण्यात १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणने महाराष्ट्राला दाखवून दिले की व्यसन हा उपचाराने आटोक्यात येणारा आजार आहे. न्यायालयाच्या आवारातून या केंद्रांकडे जाणारी एक नियमित वाट असावी, म्हणजे निकालाच्या दिवशी माणसाच्या हातात दंडाच्या पावतीबरोबर केंद्राचा पत्ताही पडेल.

दारूबंदी कायद्याची कलमे सरकारने ठेवली आहेत, तर ती खऱ्या अर्थाने चालवावीत, नाहीतर त्यातली पिणाऱ्यावरची कलमे कमी करावीत. खऱ्या अर्थाने चालवायची असतील तर परवाना मागण्याची सुरुवात काउंटरवर व्हावी, स्टँडवर नव्हे. तोवर सातारा-सांगलीच्या प्रत्येक कोर्टात, प्रत्येक तारखेला, सरकारी वकिलासमोर दोन प्रश्न उभे राहिले पाहिजेत: हा माणूस धुंद होता हे कशावरून, आणि त्याला ती दारू विकली कोणी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरकारकडे नसेल तर आरोपी सुटावा. दुसऱ्याचे असेल तर पुढची केस दुकानदारावर व्हावी. झिंगलेल्याची बाजू घेणारा वकील आणि बाटली आडवी करायला निघालेली बाई, हे दोघे या दोन प्रश्नांवर एकत्र आले, तर या कायद्याला पहिल्यांदाच खरे काम करावे लागेल.